समुद्रतळावरची आपली उधारी

(लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीसाठी अभ्यासलेख)



इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर सान फ्रुत्तुओसो नावाचे एक छोटेसे ठिकाण आहे. डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात तेथे एक जुना मठ उभा आहे. त्या मठासमोरच्या समुद्रात, सुमारे सतरा मीटर खोल, प्रभू येशूचा ब्राँझचा पुतळा आहे. पुतळ्याची उंची अडीच मीटर आहे. प्रभूचे दोन्ही हात वर उचललेले आहेत आणि मुख पाण्याच्या पृष्ठभागाकडे आहे. दुइलियो मार्कान्ते या पाणबुड्याची ही कल्पना. त्याचा मित्र दारियो गोन्झात्ती १९४७ साली याच ठिकाणी पाण्याखाली उतरला असताना मरण पावला होता. मित्राची आठवण राहावी आणि समुद्रात उतरणाऱ्या प्रत्येकाला प्रभूचे सान्निध्य लाभावे, म्हणून ग्वीदो गाल्लेत्ती या शिल्पकाराकडून पुतळा घडवून घेण्यात आला. त्यासाठी लोकांनी पदके दिली, जहाजांवरच्या घंटा दिल्या. ते सारे वितळवून हा ख्रिस्त ओतला गेला आणि २२ ऑगस्ट १९५४ रोजी समुद्रतळावर उभा करण्यात आला.

पाण्याखालच्या पुतळ्याला हार घालून भागत नाही. त्यावर शेवाळ चढते, शिंपले चिकटतात, खारे पाणी धातू खाते. २००३ साली हा पुतळा वर काढावा लागला, कारण तो झिजला होता आणि त्याचा एक हातही तुटला होता. दुरुस्ती करून २००४ साली तो पुन्हा खाली ठेवण्यात आला. अधूनमधून पाणबुडे खाली उतरतात आणि प्रभूचा चेहरा व हात घासून स्वच्छ करतात. त्यांच्यात श्रद्धावंत असतात, तसे चर्चची पायरी क्वचितच चढणारेही असतील. पण काम मात्र सगळे मिळून करतात.

आज जगभरातील पाणबुडे एकत्र येऊन समुद्राचा तळ स्वच्छ करू लागले आहेत. त्यांच्या कामातून आपल्या धर्मग्रामाला काय शिकता येईल, ते या लेखात पाहू. "फादर, पिंपरीत समुद्र कुठे आला?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुढे येईलच. आधी ही माणसे पाण्याखाली नेमके काय करतात ते समजून घेऊ.

पाण्याखालचे काम

'स्कूबा' म्हणजे आपल्या श्वासाचा साठा आपल्याबरोबर घेऊन पाण्याखाली जाण्याचे साधन. आज वापरात असलेले साधन १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो हे नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हे अभियंते यांनी तयार केले. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सर्वसाधारण टाकीत आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे दहा मीटरवर तीच टाकी निम्म्या वेळात संपते, वीस मीटरवर एक तृतीयांश वेळात. कॉम्प्रेसरवर काम करणाऱ्या आपल्या कामगार बांधवांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणजे तळाशी गेलेल्या माणसाकडे वेळ थोडा असतो. तेवढ्या वेळात त्याला बाटल्या, डबे, दोऱ्या, टायर, बॅटऱ्या आणि मुख्यतः मासेमारीची तुटलेली जाळी गोळा करायची असतात. नायलॉनचे जाळे तुटून तळाशी गेले तरी मासे धरायचे थांबवत नाही. त्यात मासा अडकतो व मरतो. त्याला खायला खेकडा येतो, तोही अडकतो. धरणारा कोणी नाही, खाणारा कोणी नाही, पण जाळे वर्षानुवर्षे मारतच राहते. म्हणून अशा जाळ्यांना जगभर 'भुताची जाळी' म्हणतात. दरवर्षी सुमारे ६,४०,००० टन मासेमारीचे सामान समुद्रात हरवते किंवा टाकले जाते, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी २००९ साली दिला होता. अंदाज म्हणजे मोजणी नव्हे, तरी आकडा मोठा आहे हे खरे. यात नुकसान माशांचे आहेच, पण त्याहून जास्त मच्छीमाराचे आहे. त्याच्या जाळ्यात यायचा मासा भुताच्या जाळ्यात कुजतो.

असे जाळे ओढून काढता येत नाही, कापून काढावे लागते. ते प्रवाळाला गुंतलेले असते. ओढले तर वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वा सेंटिमीटर वाढणारे प्रवाळ मुळासकट उपटून येते. म्हणून पाणबुडा सुरीने एकेक दोरा कापतो. जड जाळ्याला पिशवी बांधून तिच्यात हवा भरतात, म्हणजे ती फुग्यासारखी वर जाते. मात्र वर जाताना पाण्याचा दाब कमी होतो, हवा फुगते आणि पिशवीचा वेग वाढत जातो. हात अडकला तर माणूसही तिच्याबरोबर वर फेकला जाईल. इतक्या वेगाने वर येणे प्राणघातक ठरू शकते, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. उत्साह आहे म्हणून कोणीही उतरावे असे हे काम नाही.

म्हणूनच पाणबुड्यांचा पहिला नियम असा की, एकट्याने उतरायचे नाही. प्रत्येकाला एक जोडीदार असतो. पाण्यात शिरण्यापूर्वी दोघे एकमेकांचे पट्टे, नळ्या आणि हवेचा काटा तपासतात. खाली एकाचा पाय जाळ्यात अडकला तर दुसरा कापतो. एकाची हवा संपली तर दुसरा आपल्या टाकीला लावलेली जादा नळी त्याच्या तोंडात देतो आणि दोघे एकाच टाकीवर वर येतात. प्रभू येशूने शिष्यांना गावोगावी पाठवले तेही दोघा-दोघांना (मार्क ६:७). उपदेशकाच्या चौथ्या अध्यायात एकापेक्षा दोघे बरे असे का म्हटले आहे, तर एक पडला तर दुसरा त्याला उठवील म्हणून. आपण ही वचने लग्नाच्या मिस्सेत ऐकतो आणि तेथेच ठेवतो. सेवाकार्यात मात्र आपल्याकडे एकाच माणसाच्या गळ्यात सगळे काम पडते. तो थकला की काम बंद, आणि मग 'त्यांनी सोडून दिले' म्हणून चर्चाही आपणच करतो!

दुसरा नियम मला फार शिकवून गेला. पाणबुडा दिसेल ते सगळे उचलत नाही. एखादी बाटली किंवा दोरी तळाशी इतकी वर्षे पडलेली असते की तिच्यावर प्रवाळ उगवलेले असते, बाटलीच्या आत एखाद्या लहान जिवाने घर केलेले असते. अशा वेळी तो ती नोंदवून तशीच ठेवतो, कारण ती काढताना जिवंत गोष्ट मरेल. मत्तयच्या तेराव्या अध्यायातील गहू आणि निदण यांचा दाखला आठवा. निदण उपटताना गहूही उपटला जाईल, म्हणून धनी नोकरांना थांबवतो. हा दाखला वाचताना आपल्याला नेहमी वाटते की धनी फारच मवाळ आहे. पाणबुड्याला तसे वाटणार नाही.

आणि तिसरी गोष्ट, वर आणलेली प्रत्येक वस्तू मोजायची. 'प्रोजेक्ट अवेअर' या पाणबुड्यांच्या संस्थेने २०११ साली कचऱ्याविरुद्ध एक मोहीम सुरू केली. तिच्यात भाग घेणारे पाणबुडे कचरा वर आणून थांबत नाहीत. तो पसरून वेगळा करतात, किती बाटल्या, किती गळाचे दोरे, किती पिशव्या हे लिहितात आणि कोणत्या ठिकाणी, किती खोलीवर सापडले तेही कळवतात. किनाऱ्यावरच्या सफाईत हीच पद्धत अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९८६ साली सुरू झाली. दोन स्त्रियांनी, लिंडा मरॅनिस आणि कॅथी ओहारा यांनी, स्वयंसेवकांना कचरा उचलण्याबरोबर त्याची यादी करायला सांगितले. आज सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा सफाई होते, तिची ही सुरुवात. यादी केल्याशिवाय तो कचरा कोणाकडून आला हे कळत नाही, आणि ते कळले नाही तर पुढच्या वर्षी तोच कचरा पुन्हा उचलावा लागतो.

विक्रमही झाले आहेत. २०१५ साली इजिप्तमध्ये तांबड्या समुद्रात ६१४ पाणबुडे एकाच मोहिमेत सफाईसाठी उतरले. १५ जून २०१९ रोजी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील डिअरफील्ड बीच येथे ६३३ पाणबुड्यांनी तो विक्रम मोडला. एका दिवसाच्या विक्रमाने समुद्र स्वच्छ होत नाही. तरी सहाशे माणसे एकमेकांच्या हवेची काळजी घेत एकत्र उतरतात, हे काही लहान नाही.

आपल्या देशातही गोवा, अंदमान, पुदुच्चेरी येथील पाणबुडे असे काम करत आले आहेत. आपल्याला सर्वांत जवळचा समुद्रतळ मालवणचा. मेच्या सुट्टीत आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे तारकर्लीला जातात. सिंधुदुर्ग जिल्हा २००५ सालापर्यंत आपल्याच पुणे धर्मप्रांतात होता, तेव्हा तो समुद्र आपल्याला परका नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे. १९८७ साली तेथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. पोट समुद्रावर असलेल्या माणसाला 'अभयारण्य' हा शब्द ऐकून धडकी भरणारच, त्यात त्यांचा दोष नाही. पुढे राज्याच्या पर्यटन महामंडळाने तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्यांनी स्थानिक तरुणांना पाण्याखाली नेले. ज्या घरांत रापण ओढली जायची त्या घरांतील मुले आज पर्यटकांना प्रवाळ दाखवतात. जे डोळ्यांनी पाहिले ते जपावेसे वाटते. वरून पाहणाऱ्याला समुद्र सगळीकडे सारखाच निळा दिसतो.

आपले पाणी कोठे जाते

आता पिंपरीत समुद्र कोठे आला, या प्रश्नाकडे वळू. आपल्या घरासमोरच्या नाल्याचे पाणी पवनेला जाते. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, आणि मुळा-मुठा पुढे भीमेला. चाकणच्या एका अंगाला इंद्रायणी वाहते, दुसऱ्या अंगाला भामा. त्या दोन्हीही भीमेलाच मिळतात. भीमा उजनीच्या धरणात थांबते, तेथून पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वळते, रायचूरकडे कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात उतरते. कोकणचा समुद्र आपल्याला जवळ, पण सह्याद्री मध्ये असल्यामुळे आपले पाणी पूर्वेला जाते. आपण टाकलेल्या पिशवीचा समुद्र हा मुंबईचा नाही, चेन्नई-मछलीपट्टणमच्या बाजूचा आहे. चेन्नईजवळ एक पाणबुडे प्रशिक्षक आपल्या लहान मुलीला बरोबर घेऊन तळावरचे प्लास्टिक वेचतात, असे वर्तमानपत्रांत वाचायला मिळते. ते समुद्र त्याच उपसागराचे.

तरी येथे थोडे थांबून खरे सांगितले पाहिजे. आपला सगळा कचरा समुद्रापर्यंत पोहोचतो असे नाही. वाटेत उजनी आहे, पुढे कृष्णेवर श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे. बराचसा कचरा काठावरच्या बाभळीला अडकतो किंवा उजनीच्या गाळात बसतो. प्लास्टिकची बाटली ज्या प्लास्टिकची असते ते पाण्याहून जड असते. झाकण नसलेली बाटली पाणी भरून बुडते. झाकण आणि पातळ पिशवी मात्र तरंगतात आणि पुराबरोबर लांब जातात. त्यांच्यावरही शेवाळ व शिंपले चढले की अखेर त्या खाली बसतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, नद्यांमार्गे समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के हजाराहून जास्त नद्यांतून जाते. त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे केवळ गंगा-यमुनेला बोल लावून चालणार नाही.

आणि जे समुद्रापर्यंत गेले नाही ते कोणाच्या दारात राहिले? भिगवणच्या मच्छीमाराच्या. उजनीचे पाणी पिणाऱ्या सोलापूरकराच्या. चंद्रभागेत स्नान करणाऱ्या वारकऱ्याच्या. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण अलीकडच्या वर्षांत अनेकदा पाहिला. वारीच्या वाटेवर आपल्या संस्था दरवर्षी पाणी आणि औषधे वाटतात, चांगली गोष्ट आहे. पण आपणच नदीत सोडलेले पाणी त्याच वारकऱ्याने ओंजळीत घ्यावे आणि मग आपण त्याला औषध द्यावे, यात काहीतरी चुकते आहे!

सातवी आज्ञा

आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की स्वच्छता ही चांगली सवय आहे, तिचा आज्ञांशी काय संबंध? कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात सृष्टीच्या जपणुकीचा विषय कोठे आला आहे ते पाहा. तो परिच्छेद २४१५ मध्ये आहे आणि तो सातव्या आज्ञेखाली येतो. सातवी आज्ञा म्हणजे चोरी न करण्याची आज्ञा. सृष्टीची संपत्ती ही मागच्या, आजच्या व पुढच्या सर्व मानवजातीसाठी आहे. ती नासवणारा दुसऱ्याच्या वाट्याचे घेतो. पावलीचीही चोरी न करणारा माणूस भिगवणच्या कोळ्याचा मासा चोरू शकतो, आणि ते त्याच्या गावीही नसते.

चोरीचे पाप निवेदन करताना धर्मगुरू काय सांगतात हे आपल्याला माहीत आहे. क्षमा मिळते, परंतु घेतलेले परत करावे लागते. याच ग्रंथाच्या परिच्छेद २४१२ मध्ये भरपाईचे हे कर्तव्य सांगितले आहे. जक्कयाला कोणी सांगावे लागले नाही. प्रभू त्याच्या घरी आला तेव्हा तो उभा राहून म्हणाला की, ज्याचे लबाडीने घेतले त्याला चौपट देतो (लूक १९). त्याने दानधर्म जाहीर केला तो वेगळा, भरपाई वेगळी. आपण मात्र नदीकाठची सफाई केली की तिला समाजसेवा म्हणतो, फोटो काढतो, प्रमाणपत्रे वाटतो. माझ्या मते ही भाषा बदलली पाहिजे. पाणबुडा तळावरून जे उचलतो ते बहुधा त्याने टाकलेले नसते. त्याची ती सेवा आहे. आपण पवनेच्या काठावर जे उचलतो त्यात आपले बरेच असते. आपण फक्त उधारी फेडत असतो, आणि तीही थोडीशीच.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले. त्यात समुद्रतळाचा आणि प्रवाळांचा उल्लेख मुद्दाम केला आहे (परिच्छेद ४१), आणि फिलिपाइन्सच्या बिशपांनी समुद्राच्या दुर्दशेबद्दल व्यक्त केलेल्या दुःखाची आठवण करून दिली आहे. त्याच परिपत्रकात घरगुती लहानसहान कृतींना त्यांनी प्रेमाची कृती मानले आहे (परिच्छेद २११). जानेवारी २०२० मध्ये इटलीतील सान बेनेदेत्तो देल त्रोंतो या बंदराचे मच्छीमार त्यांना भेटायला गेले होते. जाळ्यात माशांबरोबर येणारे प्लास्टिक परत समुद्रात न फेकता ते बंदरावर आणत होते. पोपमहोदयांनी त्यांच्या या कामाचे मनापासून कौतुक केले. पेत्र आणि आंद्रियाच्या धंद्यातली ही माणसे!

यहेज्केलच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात एक विलक्षण दर्शन आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते. प्रथम घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि शेवटी पोहून जावे लागेल एवढी नदी होते. ती मृत समुद्रात उतरते आणि तेथील खारट, निर्जीव पाणी निरोगी होते. एन-गेदीच्या काठावर कोळी जाळी वाळत घालतात, तऱ्हतऱ्हेचे मासे होतात. येथे क्रम लक्षात घ्या. समुद्र बरा होतो तो नदीमुळे, आणि नदी सुरू होते मंदिराच्या दारात. आपल्या चर्चच्या दारातून कोणते पाणी बाहेर जाते? मोठ्या सणाला मिस्सेनंतर सहभोजन असते. त्या दुपारी आवारातील पिंपात काय काय असते ते एकदा पाहावे. थर्माकोलची ताटे व प्लास्टिकच्या पिशव्या यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर. कायदा पाळण्यासाठी तरी स्टीलची ताटे हवीत. आपल्या आयांनी गावच्या लग्नात पन्नास वर्षे तीच घासली. ताटे धुण्याच्या कामाला तरुण मंडळींनी पुढे यावे. लग्नकार्यात वाढायला सगळे पुढे असतात, घासायला कोण, हा जुनाच प्रश्न आहे.

वर्सोव्याचा आणि पवनेचा अनुभव

एकत्र काम केल्याने काय होते याची दोन उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर अफरोज शाह हे तरुण वकील आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथूर, असे दोघेच कचरा उचलायला उतरले. पुन्हा तेच, दोघे! हळूहळू कोळीवाड्यातले लोक आले, शाळेची मुले आली, दर शनिवार-रविवारी माणसे वाढू लागली. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना पर्यावरणाचा सर्वोच्च सन्मान दिला. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. किनाऱ्यावर कचरा पुन्हा पुन्हा येत राहतो आणि ते पुन्हा पुन्हा उचलतात, हेही तितकेच खरे. शाह यांनी पुढे मिठी नदीकडे लक्ष वळवले. समुद्रावर काम करणाऱ्याला अखेर नदीकडे यावेच लागते.

दुसरे उदाहरण आपल्या पवनेचे. हिवाळा सरला की नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस हे तिचे खत. वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबने २०१७ च्या अखेरीस जलपर्णीमुक्त पवनेची मोहीम हाती घेतली आणि शहरातील अनेक संस्था तिच्यात उतरल्या. लोकांनी ट्रकच्या ट्रक जलपर्णी हातांनी ओढून काढली. ती पुन्हा उगवली, कारण सांडपाणी थांबले नाही. म्हणून कोणी मोहिमेला फुकटची मेहनत म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाने एकदा हाताने जलपर्णी ओढली तो सांडपाणी प्रक्रिया केंद्राबद्दल नगरसेवकाला विचारल्याशिवाय राहत नाही. कारखान्यांतील पाण्याबद्दलही हेच. आपल्या धर्मग्रामात भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणारे सुपरवायझर आहेत, मेंटेनन्सचे लोक आहेत, दोन-चार छोटे उद्योजकही आहेत. प्लेटिंगचे, रंगकामाचे, कूलंटचे पाणी रात्रपाळीत कोठे सोडले जाते हे ज्यांना माहीत असते ते आपणच. नोकरीची भीती प्रत्येकाला असते, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणून असा प्रश्न एकट्याने काढू नये. दोघांनी, चौघांनी मिळून काढावा, जसे पाणबुडे उतरतात तसे.

समूहांनी नदीकाठी सफाई करायचे ठरवले तर काही गोष्टी सांभाळाव्यात. पाण्यात कोणीही उतरू नये. आपली नदी म्हणजे पोहण्याचा तलाव नव्हे. गढूळ, खोल आणि घाण पाण्यात उतरणे हे सुदुंबरे येथील राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांसारख्या शिकलेल्या माणसांचे काम आहे. आपण काठावरच राहावे. जाड हातमोजे आणि बंद बूट घालावेत. पायाला जखम असेल तर घरी राहावे, कारण उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. सुया आणि काच यांना लहान मुलांनी हात लावू नये, त्यांच्याकडे वही-पेन्सिल द्यावी. पावसाळ्यात जाऊ नये. जोड्या लावाव्यात, शक्यतो एक वडीलधारा आणि एक तरुण. झाडाच्या मुळांत रुतलेली चिंधी जोराने ओढू नये, काठाची माती सुटते. ती कापावी किंवा तशीच ठेवावी. गोळा झालेले वेगळे करून मोजावे आणि क्षेत्रीय कार्यालयाला आधी कळवून ठेवावे, म्हणजे गाडी वेळेवर येते. नाहीतर पोती काठावरच राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा नदीत जातात. असे झालेले मी एकदा पाहिले आहे. कोणाचे ते सांगत नाही.

यादी झाली की ती मिस्सेनंतर सूचना फलकावर लावावी. तिच्यात गुटख्याच्या पुड्या किती, दुधाच्या पिशव्या किती, देवाच्या तसबिरी व जुन्या जपमाळा किती, हे सगळे असू द्यावे. होय, जपमाळाही. आशीर्वादित वस्तू जुन्या झाल्या तर त्या नदीत टाकायच्या नसतात. जाळाव्यात किंवा स्वच्छ जमिनीत पुराव्यात, अशी आपल्या ख्रिस्तसभेची रीत आहे. प्लास्टिकच्या मण्यांची माळ जाळूही नये, पुरूही नये. ती चर्चच्या कार्यालयात आणून द्यावी.

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंतचा काळ, ख्रिस्तसभा सृष्टीचा काळ म्हणून पाळते. त्या दिवसांत आपल्याकडे नदीला पाणी असते, म्हणून काठावरची सफाई नाताळनंतर, जानेवारीत ठेवलेली बरी. सप्टेंबरमध्ये ताटांचा व पिंपांचा प्रश्न सोडवावा.

समूहाच्या बैठकीत हे प्रश्न घ्यावेत. यहेज्केल ४७:१–१२ मोठ्याने वाचावे. अकराव्या ओवीत दलदली व पाणथळ जागा बऱ्या होत नाहीत असे का म्हटले असेल? गेल्या महिन्यात आपल्या घरातून ओला आणि सुका कचरा वेगळा होऊन घंटागाडीत किती दिवस गेला? आपल्या कामाच्या ठिकाणी टाकाऊ तेल आणि पाणी कोण नेते, कोठे नेते? आणि घरी जाऊन मुलांना विचारा की आपल्या मोरीचे पाणी सोसायटीच्या फाटकाबाहेर कोणत्या नाल्याला मिळते. त्यांना सांगता आले नाही तर त्यांच्याबरोबर चालत जाऊन पाहा, आणि पुढच्या बैठकीला त्या नाल्याचे नाव घेऊन या.